उंबराखालची सही

घोडपदेवच्या चाळीमागच्या उंबराने नम्रता तोरसकरला चित्रकार केलं. गिरणी बंद पडल्यावर तिचे वडील, धोंडू तोरसकर, दिवसभर कठड्याशी बसून असत. शेजारी बसून पोर उंबर काढायची. खोडाला लगडलेली फळं, त्यांच्यावरून भांडणारे पोपट. पुढे चित्रकलेचं शिक्षण झालं, शाळेत ड्रॉइंग शिकवायची नोकरी लागली, पण हात काही त्या झाडावरून हलला नाही. आर्ट गॅलरीवाले म्हणत, "झाडं आता कोण काढतं, मॅडम?" ती काढत राहिली.

चाळ पुनर्विकासाला गेली तेव्हा बिल्डरचा माणूस, यतीन, तिचं सगळ्यात मोठं चित्र मागायला आला.

"टॉवरचं नावच 'औदुंबर' ठेवतोय. झाडाला धक्का लागणार नाही, शब्द देतो."

त्या शब्दावर तिने चित्र विकलं.

दिवाळीनंतर ती तिकडे गेली, तर उंबराच्या जागी नुसता बुंधा, चीक गळणारा. आणि भोवतीच्या कुंपणाच्या एकेका पत्र्यावर, या टोकापासून त्या टोकापर्यंत, तिचंच चित्र छापलेलं. खाली तिची सही.

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. जुनी शेजारीण शकूमावशी समजवायला आली. "आपल्याला घरं मिळतायत गं. एका झाडापायी कशाला वाकडं घेतेस?"

"घर मलाही हवंय, मावशी. पण हे खोटं माझ्या नावावर का खपवायचं?"

दुसऱ्या दिवशी भर दुपारी काळा रंग घेऊन ती गेली आणि एकेका पत्र्यावरची सही खोडू लागली. यतीन धावत आला. "मॅडम, चित्र आम्ही विकत घेतलंय."

"चित्र घेतलंत. नाव नव्हतं विकलं मी."

पोलिसांनी चौकीत बसवून ठेवलं, समज देऊन सोडलं. आठवड्याभरात नवे पत्रे लागले. चित्र तेच, सही तेवढी गायब. खोटं तसंच उभं होतं; तिचा संताप आणखीच भडकला.

मग तिने कॅनव्हासवर बुंधा रंगवला, होता तेवढाच मोठा. काळाचौकीच्या एका गणेशोत्सव मंडळाचे रमाकांत घाग म्हणाले, "पुढच्या गणपतीत मंडपाच्या दारात लावू. तिथे दरवर्षी लागणारा बिल्डरचा बॅनर गेला उडत."

माणसं दर्शनाला जाताना थबकत होती. शकूमावशीही आली, चित्रासमोर उभी राहिली.

"तोडला तेव्हा मी तिथंच होते गं," ती म्हणाली. "आम्ही कोणीच काही बोललो नाही."

नम्रताने तिच्या हातावर प्रसाद ठेवला. पण त्या दिवशी ती मावशीशी एक शब्द बोलली नाही.