खरखर कुणाची

माझे कान तिखट आहेत, हे मी कुणी न विचारताही सांगते. चंदीगडला आल्यापासून दुसऱ्यांच्या सॉफ्टवेअरमधल्या चुका काढून पोट भरते, त्यामुळे जिभेलाही धार आली आहे.

आई गेल्यावर मिरजेच्या घरी बाबांना तिच्या आवाजातली एक कॅसेट सापडली. माझ्या बारशाला तिने म्हटलेला पाळणा. बाबांनी तो कॉम्प्युटरवर उतरवून मला पाठवला. ऑफिसच्या कॉलला मी ब्लूटूथवर भागवते, पण आईसाठी खास वायरचा हेडफोन काढून लॅपटॉपला लावला आणि फोनवर निकाल दिला, "बाबा, मागे खरखर आहे."

बाबांनी साफ करून पुन्हा पाठवला. "अजून आहे." असं पाच वेळा झालं. खरखर तशीच राहिली, आईचा आवाज मात्र बसत गेला. शेवटी बाबा म्हणाले, "फीतच गेली असणार गं. टाकून देतो कॅसेट."

ऑफिसात शेजारी बसणारी पंजाबी मैत्रीण हे ऐकून हसली. "यार, पहले अपना लैपटॉप तो चेक कर!" एरवी हे मी लोकांना सुनावते. मनात पाल चुकचुकली.

चंदीगडलगतच्या खरड गावातल्या माझ्या फ्लॅटवर आल्या आल्या कपाटातला जुना म्युझिक प्लेअर काढला आणि केबलने लॅपटॉपला जोडला. लॅपटॉपला आधी तो पेनड्राइव्हच वाटला. मग प्लेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन त्याला साउंड कार्डाच्या कामाला लावलं, म्हणजे आवाज लॅपटॉपऐवजी त्याच्यातून येणार, हेडफोन त्यात खोचला आणि बाबांची अगदी पहिली फाइल सुरू केली.

खरखर नव्हतीच. आईच्या बांगड्या वाजल्या. ओळीआधी तिने घेतलेला श्वाससुद्धा ऐकू आला. मला रडू आलं, आणि स्वतःचा रागही.

तसाच फोन लावला. "बाबा, कॅसेट टाकली नाहीत ना?"

"पिशवीत घातलीय. उद्या घंटागाडीत देणार होतो."

"आधी बाहेर काढा! खरखर माझ्या लॅपटॉपची होती. तुमची पहिली फाइल एकदम स्वच्छ आहे. पण मग पाच वेळा तुम्ही साफ तरी काय करत होता?"



"मला कुठे काय ऐकू येत होतं गं? माझे कान आता थकले. तू आहे म्हणालीस, म्हणजे असणारच."