कोरडी गोळी

जानेवारी आला की एल्वुड क्रेमरच्या गळ्यात एक लाकडी पट्टी लटकते. पट्टीला पाच भोकं. प्रत्येक भोकात गादीच्या कापडाची चरबी चोपडलेली चिंधी, आणि तिच्यात गच्च दाबलेली शिशाची गोळी. थंडीत बोटं बधिर झाल्यावर खिशात चिंध्या चाचपत बसायला नको, म्हणून ही सोय. शिंगात भरलेली बंदुकीची दारू मोजून नळीत ओतायची, पट्टी नळीच्या तोंडावर धरून गोळी चिंधीसकट आत ढकलायची आणि गजाने तळापर्यंत ठासायची. आधी दारू, मग गोळी. आमच्या पेनसिल्व्हेनियाच्या डोंगरात हे शाळेतल्या पोरांनाही येतं.

नाताळनंतर इथे गारगोटीच्या ठासणीच्या बंदुकीने हरणं मारतात. एल्वुडच्या शिकारीच्या खोपटात पूर्वी नऊ जण उतरायचे. शेवटी उरले दोघं, तो आणि त्याचा मेहुणा मार्लिन. पिकअपच्या मागे उभं राहून दोघं बंदुका भरायचे. एकाने विचारायचं, दुसऱ्याने उत्तर द्यायचं, असा खोपटाचा नेमच होता.

"दारू?"

"ओतली."

"गोळी?"

"बसली."

"अक्कल?"

"तुझ्याच बहिणीने घेतली. लग्नात."

मार्लिन गेल्या मार्चमध्ये गेला. त्याची बहीण, म्हणजे एल्वुडची बायको, त्याच्याही आधी सहा वर्षं. मार्लिनला पुरून आल्यावर चर्चच्या तळघरात जेवणं चालली होती. तिथे एल्वुडच्या मुलीने, जोलीनने, त्याला कोपऱ्यात गाठलं. ती चार तासांवरच्या गावात नर्स आहे.

"डॅडी, आता एकटा जाऊ नकोस."

"मग कुणाला नेऊ? पाद्रीबाबांना? ते हरणाची माफी मागत बसतील."

"थट्टा पुरे. वचन दे. ज्या दिवशी भरताना चुकशील, त्या दिवशी बंदूक माझी. परत मागायची नाही."

"मी? चुकेन?"

"मग वचन द्यायला काय जातं?"

त्याने दिलं.

मोसमाच्या तिसऱ्या शनिवारी एल्वुड पिकअपच्या मागे एकटाच उभा होता. गुडघाभर बर्फ. त्याने सवयीने स्वतःलाच विचारलं, "दारू?" आणि उत्तरासाठी थांबला. ते येणार नाही हे कळायला जरा वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात हात पुढे गेले. पट्टी टेकवली, गोळी ढकलली, गज मारला. नीट भरलेल्या बंदुकीत नळीच्या तोंडाशी थांबणारी गजावरची खूण आज दोन बोटं खाली गेली होती. त्याने तिकडे पाहिलंच नाही.

दुपारी हेमलॉकच्या झाडांमधून एक मादी आली आणि तीस पावलांवर आडवी उभी राहिली. एल्वुडने घोडा दाबला. गारगोटीची ठिणगी पडली, नळीच्या बाहेर बाजूला असलेल्या छोट्या वाटीतली चिमूटभर दारू भस्सकन पेटली, धूर झाला. बस्स, एवढंच. नळीत पेटायला काही नव्हतंच. मादीने त्याच्याकडे बघितलं, कान हलवला आणि चालत निघून गेली. पळालीसुद्धा नाही.

त्याने सुईने वाटीशेजारच्या बारीक भोकातून थोडी दारू आत सारली, गोळी गजाने पुन्हा तळाला बसवली आणि मोकळ्या उतारावर उडवली. फुस्स. गोळी वीस पावलांवर बर्फात पडली. आता बंदूक रिकामी होती, हरीण गेलं होतं, आणि सगळ्या डोंगरात बघणारं कुणी नव्हतं. गप्प बसला असता तर पुढच्या जानेवारीतही तो तिथेच उभा असता.

घरी येऊन त्याने बूटसुद्धा काढले नाहीत. आधी फोन लावला.

"जोलीन, आज मी कोरडी गोळी ठासली."



"दारूच घातली नाहीस?"

"चमचाभरही नाही. हरणीने माझं तोंड बघितलं आणि रमतगमत गेली. मुलाखत घ्यायला आल्यासारखी."

"कुणी पाहिलं?"

"कुणी नाही."

"मग मला का सांगतोयस डॅडी? मला कधी कळलंच नसतं."

"मार्लिन असता तर पुढची दहा वर्षं हेच ऐकवलं असतं. लग्नांत, मयतीत, सगळीकडे. कुणीतरी हसायला हवं ना, पोरी."

तो थांबला. ती हसली नाही. तिचं नाक ओढणं मात्र त्याला ऐकू आलं.

"रविवारी येते," ती म्हणाली. "बंदूक न्यायला."

"ये. चढावर बर्फ झालाय, टायरांना साखळ्या लावून ये."

फोन ठेवून एल्वुडने चुलीवर पाणी तापत ठेवलं आणि नळी धुवायला घेतली. दुसऱ्याच्या हातात द्यायची म्हणून त्या दिवशी त्याने ती तीनदा धुतली.