शेंदराखालचा वीर

दगडगुरुजी माणसाला नमस्कार करायला विसरत, दगडाला कधी विसरत नसत. घाट चढून आमच्या गावात शिरताना वडाखाली कमरेइतका उंच एक दगड उभा आहे. तिथं आले की गुरुजी चपला काढत, चष्मा पुसत, दगड नीट बघत आणि मग शाळेत येत. त्यामुळे रोज उशीर होई. हजेरीपटावर मात्र ते वेळेवर असत, कारण हजेरीपट त्यांच्याकडेच असे.

शाळेत ते गणित शिकवत. एक वर्ष त्यांना इतिहास दिला होता, तर सगळं पुस्तक त्यांनी दिवाळीपर्यंत उरकलं आणि उरलेलं वर्ष या दगडावर काढलं. मी तिथं नवा मास्तर म्हणून रुजू झालो, तेव्हा चहाचंही न विचारता त्यांनी मला आधी वडाखाली नेलं. "ही वीरगळ. खालून वर वाचायची," म्हणाले. तळाशी गाई होत्या आणि त्यांच्यापुढं तलवार घेतलेला एक मिशाळ गडी. त्यावरच्या पट्टीत मेलेल्या त्या गड्याला अप्सरा वर घेऊन चाललेल्या. त्याच्यावर तोच पिंडीपुढं हात जोडून बसलेला, आणि अगदी माथ्यावर चंद्र-सूर्य.

"गावाची गुरं सोडवताना मेला. नाव कुणी कोरलं न्हाय. चंद्र-सूर्य हायत तवर लोक आठवण ठेवतील, असा कोरणाऱ्याचा अंदाज होता," गुरुजी म्हणाले. मग चष्मा पुसत, "अंदाज चुकला."

गावाच्या लेखी तो दगड म्हणजे खोकलाई. लेकराला डांग्या खोकला झाला की आया मंगळवारी तिथं दहीभात ठेवत आणि दगडाला शेंदूर फासत. यात पुढाकार गंगाबाईंचा. घाटातल्या उतारावर त्यांची मेंढरं चरत, आणि त्यांची चार लेकरं खोकलाईनं वाचवलेली. रविवारी गुरुजी रॉकेल आणि काथ्या घेऊन तोच शेंदूर खरवडत. हा कार्यक्रम मी येण्याआधीपासून चालू होता आणि त्यात कुणाचा खाडा नसे. एकदाच दोघं समोरासमोर आले.

"गंगाबाई, देवीला मिशा असत्यात का?"

"गुरुजी, लेकराचा खोकला थांबतो. तुमी मिशांचं काय घेऊन बसलाव?"

गुरुजींनी उत्तरासाठी आठवडाभर विचार केला. रविवारी पुन्हा काथ्या घेऊन आले.

मग घाटरस्ता रुंद करायचं निघालं. दगडाच्या पाठीवर एका माणसानं चुन्यानं फुली मारली. गुरुजींनी अर्ज लिहायला घेतले. वीरगळ म्हणजे काय, हे प्रत्येक अर्जात आकृतीसह असे. एका कार्यालयानं अर्ज दुसऱ्याकडं पाठवला, दुसऱ्यानं पहिल्याकडं. शेवटी उत्तर आलं, की सदर दगडाची कुठंही नोंद नाही. उद्या जेसीबी येणार, हे त्याच दिवशी कळलं.

दिवेलागणीला ते मला घेऊन गंगाबाईंच्या दारात गेले. म्हणाले, "बाई, शेंदूर हाय का? जरा जास्त लागंल."

गंगाबाईंनी त्यांच्याकडं एकदा पाहिलं आणि पिशवीत शेंदराची पुडी आणि तेलाची बाटली घेतली. वडाखाली बाईंनी शेंदूर कालवला आणि गुरुजींनी स्वतःच्या हातानं लावला. आधी गाई बुजल्या, मग तलवार. मिशांपाशी त्यांचा हात थांबला. मी दुसरीकडं बघितलं. "डोळे बी बसवा," ते बाईंना म्हणाले, आणि बाईंनी पिशवीतून पितळी डोळे काढले.

सकाळी उमरग्याकडचा एक ड्रायव्हर जेसीबी घेऊन आला. शेंदूर बघून खाली उतरला, चपला काढल्या.

"कुणाचं ठाणं हाय हे?"

गुरुजी आयुष्यात एकाही वीरगळीविषयी कधी खोटं बोलले नव्हते. "खोकलाई," ते म्हणाले. "लई कडक हाय."

"मला बी लेकरं हायत गुरुजी," ड्रायव्हर म्हणाला. "म्या न्हाय हात लावणार."

दुसराही ड्रायव्हर आला आणि नारळ फोडून गेला. रस्ता तिथं दोन हात वाकला. नकाशात तो अजून सरळ आहे.

त्यानंतर गुरुजींनी काथ्या हातात धरला नाही. मी एकदा म्हणालो, थोडा कोपरा तरी साफ करू. म्हणाले, "रस्ता परत सरळ व्हायला येळ लागत न्हाय. शेंदराखाली दगड तरी राहतो." रविवारी ते नुसते जाऊन उभे राहत. कुणी पाहुण्यानं विचारलं तर खोकलाई म्हणून सांगत आणि चष्मा पुसत. दोन वर्षांपूर्वी ते गेले. मला फार पोरकं वाटलं, अजून वाटतं.

गेल्या महिन्यात गंगाबाई चार माणसं घेऊन माझ्याकडं आल्या. देवीपाशी संगमरवरी पाटी लावायची होती. "गुरुजींचं सगळं तुमालाच ठावं. तुमीच लिहा," बाई म्हणाल्या. मी कागद घेऊन वडाखाली बसलो. शेंदूर आता चार बोटं जाड आहे, गाई कुठल्या आणि गडी कुठला, हाताला लागत नाही. खालून वर वाचता येणारा गावात मी एकटाच उरलो आहे. संध्याकाळपर्यंत मी दोन कागद भरले आणि फाडले. तिसऱ्यावर लिहून दिलं: जागृत देवस्थान. शेंदूर खरवडू नये.