काल कुणासंगं जेवले?

"नाडी बादमें. पहले सांगा, काल कुणासंगं जेवले?"

आमचे डॉक्टर रोग्याचा हात हातात घेऊन हे विचारायचे. ताप असो, खरूज असो, प्रश्न ठरलेला. सोनपेठच्या बाजाराच्या दिवशी दवाखान्याची रांग रस्त्यापर्यंत जायची आणि हे जेवणाची चौकशी करत बसायचे. मी कंपाउंडर. मिक्श्चरच्या बाटल्यांना कागदाच्या खुणा चिकटवता चिकटवता मनात चडफडायचो. गावातले टगे म्हणायचे, "डॉक्टरला पंगतीचं आवतन पायजे लागतंय."

ते हैदराबादचे. तिथल्या वेड्यांच्या इस्पितळात बरीच वर्षं काढून, स्वतः बदली मागून या आडगावी आले होते. हे कळल्यावर निम्मे लोक यायचेच बंद झाले. येड्यायच्या डॉक्टरला नुसता खोकला दाखवला तरी पोरीची सोयरीक मोडायची भीती. इतकं चांगलं शहर सोडून इथं कशाला आलात, असं मी एकदा वैतागून विचारलं.

"तिथं माणूस माझ्यापर्यंत साखळी घालूनच यायचा," ते म्हणाले. "साखळीच्या आधी भेटावं म्हणून आलो, बाबा."

एका बाजारी एक धनगर म्हातारी डोकं दुखतं म्हणून आली. डॉक्टरांनी ठरलेला प्रश्न टाकला आणि बाई एकदम रडायलाच लागली.

"कुणासंगं जेवू, सायब? एक लेक गंगंनं नेला. दुसरा दाव्याला बांधलाय."

थोरल्यानं खतासाठी एकाच्या शेतात मेंढ्या बसवल्या होत्या. शेत गोदावरीच्या, म्हणजे आमच्या गंगेच्या काठी. पहाटे पूर आला, मेंढ्या गेल्या, त्यांना वळवायला धावलेला धाकटा भाऊही गेला. तेव्हापासून थोरला उठला की नदीकडे पळायचा. त्याला बाहेरचं लागलंय, असं भावकी म्हणे. त्याच्या ताटाजवळ कुणी बसायचं नाही. म्हातारी काठीनं भाकरीची थाळी पुढं सरकवायची.

त्याच दुपारी डॉक्टर तिच्या आखाड्यावर, शेतातल्या वस्तीवर गेले. मला औषधाची पेटी घेऊन जावंच लागलं. थोरला गडी खुंट्याशी बसलेला, पायाला कोकराला बांधायचं दावं. डॉक्टर सरळ त्याच्या हाताच्या अंतरावर फतकल मारून बसले.

"सायब, चावंल त्यो!"

"मीपण चावतो, अम्मा. भाकरी आणा."

ठेचा असा होता की डॉक्टरांच्या नाकाडोळ्यांतून पाणी आलं. तरी ते त्याच्याच थाळीतलं खात राहिले. गडी नुसता बघत होता.

मग दर बाजारी रांग संपली की आम्ही तिकडे. लेकाला झोपेचं औषध कसं द्यायचं ते मी म्हातारीला सांगायचो, डॉक्टर जेवायचे. पुराचं एक अक्षर त्यांनी कधी विचारलं नाही. पुष्कळ दिवसांनी एकदा डॉक्टरांना ठसका लागला आणि गड्यानं आपणहून पाण्याचा तांब्या पुढं केला. म्हातारीनं पदर तोंडात कोंबला. डॉक्टरांनी त्या दिवशी दावं सोडलं आणि दवाखान्यात आणून खुंटीला टांगलं. पुढच्या बाजारी गडी स्वतःच चालत आला, फडक्यात दोन भाकरी बांधून. पुढं चुलत्याच्या मेंढ्याही वळायला लागला.

आखाड्यावरून परतताना एकदा मी थट्टेनं विचारलं, "साहेब, सगळ्यांना विचारता, तुम्ही स्वतः कुणासंगं जेवता?"

"बाजारच्या दिवशी? त्याच्यासंगं."

"आणि एरवी?"

ते माझ्या हातातली पेटी घेऊन पुढं चालू लागले. बायको कधीच वारली होती, क्वार्टरात एकटेच असायचे. विचारलं नसतं तर बरं झालं असतं.

मग राज्यं बदलली, आमचा मुलूख मुंबई राज्यात गेला आणि हैदराबादकडच्या अधिकाऱ्यांना तिकडच्या बदलीचे हुकूम आले. डॉक्टरही निघाले. बसजवळ गडी उभा होता. डॉक्टर त्याला म्हणाले, "मी येतो परत. तोवर एकटं नक्को जेवू." त्यानं मान हलवली. साहेब बोलले म्हणजे येणारच, एवढंच त्याला कळलं.

तुम्हीही अशी माणसं पाहिली असतील. दुसऱ्याला एकटं जेवू देत नाहीत आणि स्वतः एकटीच जातात. वर्षभरानं तिकडून आलेल्या एका कारकुनानं सांगितलं, डॉक्टर गेले. खोलीतच गेले. शेजाऱ्यांना उशिरा कळलं.

मी म्हातारीला दवाखान्यात बाजूला घेऊन सांगितलं. ती खुंटीवरच्या दाव्याकडे बघत राहिली. मग माझा हात घट्ट धरून म्हणाली, "त्याला सांगू नका, दादा. पुन्यांदा गंगंकडं पळंल. मला ते दावं परत मागायला लावू नका."

मी नाही सांगितलं. नवे डॉक्टर नाडी लवकर बघतात, रांग भराभर सरकते. गडी अजून बाजाराच्या दिवशी येतो, पायरीवर फडकं सोडतो आणि दोनातली एक भाकरी माझ्या हातात देतो.

"सायब येईस्तवर तुमी खा," म्हणतो. "कवा यायलेत?"

"येतील," मी म्हणतो, आणि साहेबांच्या वाटणीची भाकरी त्याच्यादेखत शेवटच्या घासापर्यंत खातो.