राजाच्या घरचं मीठ

आमच्या शेजारी लातूरच्या डाळमिलमधला मुकादम राहतो. भाजीला फोडणी बसली की "वहिनी, काय करायलाव?" म्हणत तो हजर. यंदाच्या नाटकात मी राजा आणि गादीपायी माझा खून करणारा सेनापती तो. तालमी सुरू झाल्या अन् गड्यानं आमच्याकडचा चहासुद्धा सोडला. राजाचं काम त्यालाच हवं होतं, तेच डाचत असणार, असं मी धरून चाललो. प्रयोगात खंजीर उगारताना त्याचे डोळे बघून खरंच घाबरलो.

पश्चात्तापानं वेडा होऊन सेनापती मेला, पडदा पडला. रंग न पुसताच तो माझ्याकडं आला.

"ज्याचं मीठ खाल्लं त्याच्यावर हात उठत न्हाई, दादा. म्हणून तुमच्याकडचं बंद केलतं. आता सांगा, वहिनीनं डब्यात काय दिलंय?"