मागं फिर रं

पठारावरच्या हौसाबाईंच्या अंगणात मी चहा पीत बसलो होतो. ढग इतका खाली उतरला होता की समोरचं जांभळाचं झाडही दिसत नव्हतं. तेवढ्यात छोट्या विमानाची घरघर ऐकू आली. हौसाबाई लगबगीनं आत गेल्या, परात आणि पळी घेऊन आल्या आणि ढगाकडे तोंड करून बडवू लागल्या. "मागं फिर रं लेकरा, डोंगर हाय म्होरं!"

काही वर्षांपूर्वी असंच एक विमान घरामागच्या कड्यावर आदळलं होतं. तेव्हापासून त्या हे करतात. वर काही ऐकू जात नाही, हे त्यांनाही ठाऊक आहे.

विमान चालवणारा माझा एक मित्र सांगायचा, डोंगर अचानक समोर येत नाही. ढग दिसतो तेव्हा वळायला भरपूर जागा असते. पण पलीकडे कुणीतरी वाट बघत असतं, आणि वाटतं, एवढा ढग ओलांडला की मोकळं आभाळ. ज्या दरीतून विमान चाललेलं असतं, ती मात्र अरुंद होत जाते. जागा आहे तोवर वळावं, एवढाच उपाय. पण अर्ध्या वाटेवरून परतणाऱ्याला शाबासकी कोण देतं?

हौसाबाईंचा हात थांबला, तेव्हा घरघर नव्हती.

"गेलं वाटतं," मी म्हणालो.

त्यांनी परात खाली ठेवली नाही. "बारीक होत होत गेलं, का एकदम थांबलं?"

परातीच्या आवाजात मला ते कळलंच नव्हतं.