गळलेलं शून्य

माझी वहिनी भित्री आहे, हे मी तिच्या तोंडावर सांगते. गॅस बंद केलाय का हे बघायला ती अर्ध्या जिन्यावरून परत येते. अशी बाई सत्तेचाळिसाव्या वर्षी जावास्क्रिप्ट ही प्रोग्रॅमिंगची भाषा शिकायला बसली, तेव्हा दादाने तिची टर उडवली आणि मीही हात धुऊन घेतले.

आम्ही दोघी एकाच ऑफिसात आहोत. एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची विचारपूस करणं हे आमचं काम. रोज संध्याकाळी ते फोनवरून एक आकडा पाठवतात, दिवसभरात किती वेळा जेवलो त्याचा. ज्याचा आकडा सगळ्यांत कमी, त्याच्याकडे दुसऱ्या दिवशी आधी माणूस जातो. ज्याचा निरोपच येत नाही, त्याला मी फोन करते. भेटींची यादी वहिनी हाताने लावायची.

शिकता शिकता तिने स्वतःची छोटी लायब्ररी लिहायला घेतली. म्हणजे सारखी लागणारी बारीकसारीक कामं एकाच फाइलीत: आकडे क्रमाने लावणारं एक फंक्शन, दुबार नोंदी काढणारं एक, रिकाम्या नोंदी गाळणारं एक. असल्या लायब्ऱ्या फुकट मिळतात, हे मी तिला ऐकवलं.

"आयतं घेतलं तर डोक्यात काय शिरणार?" ती म्हणाली.

सोमवारपासून ऑफिसची यादी तिच्या फाइलीतून निघू लागली. ऑफिसच्या मॅडमनी पाठ थोपटली. वहिनी दोन दिवस नुसती हवेत होती.

गुरुवारी दुपारी ती एकेका फंक्शनची चाचणी घेत बसली होती. रिकाम्या नोंदी गाळणाऱ्या फंक्शनला तिने तीन, शून्य, दोन आणि एक कोरी जागा दिली. परत आले तीन आणि दोन. आत काही आहे का, असं विचारलं की जावास्क्रिप्ट कोऱ्या जागेसारखंच शून्यालाही 'नाही' म्हणतं, हे तिला तेव्हा कळलं.

"अगं, शून्य गळतंय," ती म्हणाली.

शून्य म्हणजे दिवसभर काहीच न खाल्लेला माणूस. आम्ही मूळ नोंदी उघडल्या. शिंपीकाका. सोमवारी शून्य, मंगळवारी शून्य, बुधवारी शून्य. निरोप येत होता म्हणून मी फोन केला नव्हता, आणि यादीत नव्हते म्हणून कुणी गेलं नव्हतं.

फोन तीनदा पूर्ण वाजला. कुणी उचलला नाही. मी स्कूटर काढली. मागे बसलेल्या वहिनीने माझा खांदा इतका घट्ट धरला की दुखायला लागला.

"त्यांना काही झालं असेल तर?" ती सारखी विचारत होती. मी स्कूटर आणखी दामटली.

तिसऱ्या मजल्यावरचं दार आतून बंद. वाजवलं, हाका मारल्या. वहिनीने दाराला कान लावला आणि तशीच उभी राहिली. बऱ्याच वेळाने आतून पाय घासल्याचा आवाज आला आणि कडी सरकली.

काका चौकटीला धरून उभे होते. अंगात फणफणून ताप, ओठ सुकलेले. वहिनीने त्यांना धरून खुर्चीत बसवलं, पाणी पाजलं. मी अँब्युलन्सला फोन लावला.

"काका, चूक माझी आहे," वहिनी म्हणाली.

त्यांना ते नीट ऐकू गेलं नसावं. "खालच्या आजींनी परवा एक पाठवलं, तर त्यांच्याकडे माणूस येऊन गेला," ते हळूच म्हणाले. "मीही एकच पाठवायला हवं होतं का गं, पोरी?"